आधी कान, मग सुरी

“आधी कान, सायेब. मंग सुरी.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते नोकरीच्या चौथ्या दिवशी, आणि तेव्हा मला रागच आला होता. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. पशुवैद्यकाची कोरी करकरीत पदवी घेऊन मी नागपुरातल्या जनावरांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत रुजू झालो होतो. काटोलकडून ट्रकमध्ये घालून एक मेलेला बैल आला. चिरफाडीच्या खोलीत मी ऐटीत सुरी मागितली, तर एक उंच, किडकिडीत माणूस सुरी पाठीमागे धरून माझ्या आणि बैलाच्या मध्ये उभा राहिला.

“नाकातलं रक्त पायजा. काळं हाये, अन् गोठून नाही राहिलं. आधी कान.”

त्यांनी बैलाच्या कानाच्या टोकाशी बारीकशी चीर देऊन रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, पसरला, वाळवला, निळ्या रंगात बुडवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावून मला बोलावलं. मी पाहिलं. निळ्या कांड्या, बांबूची पेरं तोडून ओळीने ठेवावीत तशा, आणि भोवती गुलाबी साय. काळपुळी. कॉलेजात आम्ही अँथ्रॅक्स म्हणायचो. या रोगाने मेलेलं जनावर चिरायचं नसतं. चिरलं, की आतले जंतू हवा लागून कवच धरतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं तग धरून राहतात. चिरणाऱ्याच्या जिवावर बेततं ते वेगळंच.

मी सूक्ष्मदर्शकावरून उठलो. ते फक्त म्हणाले, “चुना आणतो.” दुपारी मोठ्या साहेबांना मी सांगितलं, “मला शंका आलीच होती, सर.” ज्यांनी सुरी अडवली होती ते शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ऑफिसात सगळे त्यांना मामा म्हणत. हुद्दा परिचर. म्हणजे मेलेलं जनावर गाडीतून उतरवायचं, चिरायचं, हवे ते तुकडे बाटल्यांत भरायचे, उरलेलं पुरायचं आणि फरशी धुवायची. आम्ही डॉक्टर लोक नाकाला रुमाल लावून दोन हात लांब उभे राहायचो आणि ते सांगतील ते लिहून घ्यायचो. तुम्ही कुठल्याही सरकारी कचेरीत डोकावला असाल तर ही वाटणी तुमच्या ओळखीची असेल.

परिचराने सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा नाही असा नियम होता. पण ज्यांनी तो नियम केला त्यांनाच रोज सकाळी काच वाचताना मामांची गरज लागे. मीही त्यातलाच. डोळा लावायचो, घसा खाकरायचो आणि विचारायचो, “मामा, तुम्हाला काय वाटतं?” ते वाकून क्षणभर पाहायचे. “घटसर्प हाये. दोन टोकं काळी दिसून राहिली न?” मग मला जंतूंची ती टोकं दिसायची. अहवालावर सही माझी. बारा वर्षं मी अशा सह्या केल्या.

हसायचेही प्रसंग येत. कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली की बाया मेलेल्या कोंबड्या पिशवीत घालून सिटी बसने आणत. एका बाईने एकदा विचारलं, “रिपोर्ट येईपर्यंत हिचा रस्सा केला तर चालते का?” मामांनी कोंबडी तिच्या हातातून घेतली. “बाई वं, रस्साच करायचा होता तं इथं काहून आणली? आता हे सरकारची कोंबडी झाली.” ती बाई जाईपर्यंत त्यांनी तोंडावरची रेष हलू दिली नाही आणि नंतर मोरीवर जाऊन पोटभर हसले.

मोरी हे त्यांचं दुसरं घर होतं. काम झालं की नखं, बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपरापर्यंत हात. साबण, मग जंतुनाशक, मग पुन्हा साबण. इतकं धुऊनही त्यांच्या हातचं पाणी आमच्यापैकी कोणी प्यायचं नाही. माठ भरायला दुसरा शिपाई होता. चहाच्या वेळी मामा आपला कप घेऊन आवारातल्या कडुनिंबाखाली बसत. आम्ही याला स्वच्छता म्हणायचो. जंतूंचं काम, काळजी घेतलेली बरी, असं मीही म्हणायचो. पण मोठे साहेब त्याच चिरफाडीच्या खोलीतून बाहेर पडून माझ्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवायचे तेव्हा मला जंतू आठवायचे नाहीत. हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

त्यांच्या हातचं पाणी न पिणारा आणखी एक माणूस होता. त्यांचे वडील. त्याचं कारण वेगळं होतं.

हे त्यांनी मला कडुनिंबाखालीच सांगितलं. रामटेककडच्या एका धानाच्या गावात त्यांचं घर. गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं आणि सोलायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वस्तीवर लादलेलं. छप्पन साली वडील पायी नागपूरला आले, त्यांनी दीक्षा घेतली, आणि गावी परतल्यावर कातडं सोलायची सुरी तलावात फेकून दिली. या घरातला हात पुन्हा मेलेल्या जनावराला लागणार नाही, असं त्यांनी साऱ्या गावासमोर सांगितलं. त्यासाठी वस्तीने मारही खाल्ला. सहा वर्षांनी मुलाला सरकारी नोकरी लागली. वस्तीत पेढे वाटले गेले. आणि पहिल्याच दिवशी कचेरीने मुलाच्या हातात काय दिलं, तर सुरी.

“बाबाले म्हटलं, हे सायन्सचं काम हाये. बाबा म्हणे, सायन्सचं असन. पन सुरी तुह्याच हाती काहून देल्ली? डाक्टरच्या हाती काहून नाही देल्ली?” मामा कपातल्या चहाकडे पाहत होते. “मले जवाब नाही देता आला, सायेब. तुमाले येते का?”

मी घड्याळाकडे पाहिलं आणि काम आहे म्हणून उठलो.

वडील नागपूरला आले तर मुलाच्या घरी यायचे, नातवंडांशी बोलायचे, पण पाणी स्वतःच्या तांब्यातलं प्यायचे. एवढंच होतं, पण मामांना ते आत कुठेतरी सलत असे. “एक डाव माह्या हातचं पानी पेले पायजेत बाबा,” असं ते मधूनच म्हणत, कधी काच पुसताना, कधी बूट धुताना.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्याच गावचा कोतवाल बिस्किटाच्या डब्यात बैलाचा कान घेऊन आला. पाटलांचा बैल उभ्या उभ्या पडला होता. मामांनी काच केली, पाहिली आणि मला जागा दिली. निळ्या कांड्या. कोतवाल म्हणाला, कातड्याचा व्यापारी बाहेरगावाहून निघालाय, आज सोलणार. जीप कुठल्यातरी दौऱ्यावर होती. आम्ही दोघं चुन्याची पोती आणि लशीची पेटी घेऊन एस.टी.ने गेलो.

चिंचेखाली बैल पडला होता आणि व्यापाऱ्याचा माणूस दगडावर सुरीला धार लावत होता. मी समजावून सांगू लागलो. माझं कोण ऐकतंय! तेव्हा मामा पुढे झाले. “सुरी लावली तं तू मरशीन, अन् या चिंचेखाली चरनारं जनावर नातवाच्या राज्यातही मरन. लाव.” त्या माणसाने सुरी गुंडाळून ठेवली.

आता बैल पुरायचा होता. पाटील वस्तीच्या कडेला उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याकडे वळले. “चाल गा, पोरं घेऊन ये तुही. ओढा याले.” ते मामांचे वडील होते. ते जागचे हलले नाहीत. सगळ्यांच्या नजरा मग मामांकडे गेल्या, कारण त्यांचं तर हे पगारी काम होतं.

मामांनी पिशवीतले रबरी हातमोजे काढले आणि पाटलांसमोर धरले. “बैल तुमचा हाये, पाटील. तुमी ओढा. कसा ओढाचा ते मी सांगतो.”

पाटलांनी हात पुढे केला नाही. मग मीच एक जोड चढवला. कुठलंही शौर्य नव्हतं त्यात. मला फक्त ते उन्हातलं उभं राहणं सहन होईना. मी दोर धरला तसे पाटलांचे दोन मुलगे पुढे आले. बैलाच्या नाकपुड्यांत जंतुनाशकाचे बोळे मामांनी स्वतः बसवले. ते काम आमच्यापैकी कोणाला जमण्यासारखं नव्हतं. खड्डा किती खोल, चुना किती, सगळं ते काठावरून सांगत राहिले. दुपार कलेपर्यंत आम्ही माती ओढत होतो.

सगळं आटोपल्यावर वडील जवळ आले. “सुरी कुटं हाये तुही?”

“आनलीच नाही, बाबा. या रोगात सुरी लागूच द्याची नसते. तेवढंच त काम हाये माहं.”

म्हातारा पिशवीत डोकावला. काचपट्ट्या, बाटल्या, कापूस. मग तिथेच दगडावर बसला आणि म्हणाला, “पानी पाज.”

सोळा वर्षं ज्याची वाट पाहिली ते मामांसमोर येऊन बसलं होतं. विहीर वीस पावलांवर होती. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

“आज नाही, बाबा. आज हात चांगले नाहीत.”

काळपुळीच्या रक्ताजवळून आलेला हात कितीही धुतला तरी त्या दिवशी कोणाच्या तोंडापाशी न्यायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम होता. बापासाठीसुद्धा तो त्यांनी मोडला नाही. मला वाटलं, म्हातारा आता उठून जाईल. तर तो हसला. “बरं. ऐतवारी येतो तुह्या घरी.”

इथून पुढचं मला लिहावंसं वाटत नाही.

शनिवारी काटोलकडून एक कान आला. मामांनी पाहून सांगितलं, “घटसर्प हाये, सायेब. कांडी नाही.” मलाही तसंच दिसत होतं. पण ती चिंच माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती. चुकलं तर सही माझी होती. उद्या गावात जाऊन खात्री करू, तुम्ही सोबत चला, असं मी म्हणालो.

“उद्या बाबा येऊन राहिले, सायेब.”

“अहो, बाबा काय, पुढच्या रविवारी येतील.”

ते आले माझ्यासोबत. घटसर्पच होता. परतायला संध्याकाळ झाली. वडील पहिल्या गाडीने येऊन ओसरीवर बसले होते. सुनेने तीनदा पाणी विचारलं. “त्याच्याच हातचं पेतो,” म्हणाले, आपल्या तांब्यातले घोट घेत वाट पाहत राहिले, आणि चारच्या गाडीने परत गेले. पुढचा रविवार लसीकरणात गेला, त्याच्या पुढचाही. मग गावाहून वडील गेल्याचा निरोप आला. साधा तापच होता म्हणे.

मामा तेराव्या दिवशी कामावर आले. आलेला कान उचलला, काच केली, माझ्यापुढे ठेवली. त्यांनी तेव्हा मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचा आभारी झालो असतो.

ते निवृत्त झाले, आणि त्यानंतर दोनेक वर्षांनी, एका एप्रिलमध्ये, मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. इतकी वर्षं एका खोलीत काढून पहिल्यांदा. उत्तर नागपुरातलं बैठं घर. ओसरीवर लाकडी बाक होता, त्यावर मी टेकलो.

“बाबा तिथंच बसले होते,” मामा म्हणाले. “चार वाजेपर्यंत.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते आत गेले आणि नळ सुरू झाल्याचं मला ऐकू आलं. बराच वेळ तो सुरू राहिला. नखं, बेचक्या, मनगटं, कोपरापर्यंत; न पाहताही मला सगळं दिसत होतं. मग ते काचेचा पेला भरून घेऊन आले आणि माझ्यासमोर धरून उभे राहिले.

मी प्यायलो. ते पेल्याकडेच पाहत होते, अगदी तळ दिसेपर्यंत.

“आनखी आनू?”

मला तहान उरली नव्हती. मी हो म्हणालो.

त्याच पावसाळ्यात ते गेले. मला आठवतो तो दुसरा पेला. रिकामा झाल्यावर त्यांनी तो माझ्या हातून घेतला, काचपट्टी धरायचे तसा उजेडाकडे धरून पाहिला आणि आत ठेवायला गेले.