हिराआक्का ओढून बघायच्या

हिराआक्का कुठलीही गोष्ट ओढून बघितल्याशिवाय सोडत नसत. दाराची कडी, नातवाच्या शर्टाचं बटण, नव्या सुनेच्या मंगळसूत्राचा दोरासुद्धा. ही खोड कामानं लावलेली. सुप्याच्या एका कारखान्यातून मी वायरी आणि प्लास्टिकचे कनेक्टर टेम्पोनं आणून गावात घरोघरी वाटायचो. वायरीच्या टोकाला पिन आधीच दाबलेली असे. ती कनेक्टरच्या ठरलेल्या भोकात सरकवायची, अडकली की 'टक्' वाजतं. "वाजली म्हंजी बसली असं न्हाई गं," आक्का बायकांना सांगत. "वडल्यावर ऱ्हाती तीच खरी." सगळ्यांचा माल शेवटी आक्कांच्या ओसरीवर तपासायला यायचा, आणि त्याचा त्यांना केवढा तोरा.

एकदा सोळा भोकांचा नवा कनेक्टर आला. नमुना मी बांधला. कागदावरचं चित्र कनेक्टरच्या तोंडाकडून काढलेलं, वायरी मात्र मागच्या बाजूनं घालायच्या. मी चित्र तसंच उतरवलं आणि सगळे रंग डावे-उजवे झाले. बायकांनी माझ्या नमुन्यावर बांधलं, आक्कांनी त्याच्यावरच तपासलं. अख्खा माल परत. कारखान्यातल्या साहेबांनी विचारलं, "तपासलं कोणी?"

"हिराआक्कांनी," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. नमुना मात्र माझ्या खिशात होता.

आक्कांचं तपासणं बंद झालं. त्या चारचौघींसारख्या पिना घालत बसू लागल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. "चहा घेतो का रे सुभाष," एवढंच. दोन वर्षं मी 'घाई आहे' म्हणत टेम्पोकडं वळत राहिलो.

मग मोठी ऑर्डर आली. कारखान्यातल्या मॅडम स्वतः गावात आल्या. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती, बायकांचे हात नुसते शिवशिवत होते. मॅडमनी विचारलं, "तपासणार कोण?" सगळ्या आक्कांकडे बघू लागल्या, आक्का जमिनीकडे. मी उठून उभा राहिलो.

"मॅडम, दोन वर्षांमागं माल परत आला तो आक्कांमुळं नाही. नमुनाच मी उलटा बांधला होता. गप्प बसलो."

"तरीच," शेजारची सखू म्हणाली, "आक्काची नदर चुकंल कशी." ओसरी हसली. आक्का नाही हसल्या.

"मला ठावं हुतं. तू कवा बोलतो तेच बघत हुते." त्यांनी कनेक्टर माझ्यापुढं सरकवला. "बस. घाल."

मी पिन घातली. वाजली. आक्कांनी ओढली, वायर त्यांच्या हातात आली.

"न्हाई बसली. परत."

तिसऱ्यांदा राहिली. त्यांनी आणखी एकदा ओढून खात्री केली आणि मॅडमना म्हणाल्या, "तपासते मी. पर आदी नमुना बघनार. ह्याचा तर दोनदा."

त्या हंगामात एकही पेटी परत आली नाही. मी आणि आक्का लहान पोरांसारखे खूश होतो.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. तिरडी बांधायला मीही होतो. बांधून झाल्यावर लोक उचलायला वाकले, तेव्हा मी म्हटलं, थांबा. आणि एकेक गाठ ओढून बघितली.