तीन हातांचा भाऊ

मला पुरुष आवडतात, हे टीव्हीवर तोंडाने सांगणाऱ्यांत मी फार आधीचा. माणसं एका घरात कोंडायची, भांडायला लावायचं आणि सगळं कॅमेऱ्यात टिपायचं, असले कार्यक्रम तेव्हा नवेच होते. त्यात मी ढसाढसा रडलो होतो, तो तुकडा अजून मोबाइलवर फिरतो. मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कोणी ना कोणी म्हणतंच, राव, तेवढं रडून दाखवा ना. शिसारी येते.

माझा जोडीदार चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. आम्ही दोघं एका घरात का राहतो, हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत. सोसायटीच्या गणपतीत रोज एका फ्लॅटला जोडीने आरतीचा मान असतो. तो दरवर्षी आमचं दार ओलांडून पुढे जायचा. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण जोडीदाराला त्याच्या घरच्यांनी गणपतीला येऊ नकोस म्हणून बजावलेलं. एकदा ते आरतीचं ताट आपल्या हातात यावं, एवढीच त्याची इच्छा होती.

यंदा चेअरमनकाका स्वतः आले. प्रमुख पाहुणे व्हा, आरती तुमच्या हस्ते. मी म्हटलं, आम्ही दोघं करू, नाहीतर राहू दे. काकांचा चहा कपातच राहिला. दोन दिवसांनी होकार आला, कारण मंडपाचा खर्च देणाऱ्या, वॉर्डातल्या पुढारी भाऊंना फ्लेक्सवर मी हवा होतो.

फ्लेक्स गेटवर लागला. फोटो मूळचा आमचा दोघांचा, त्याचा हात माझ्या खांद्यावर. त्याला कापून तिथे भाऊंना चिकटवलेलं. भाऊ नेहमीसारखे हात जोडून उभे, आणि खांद्यावरचा तो हात काढायचा राहूनच गेला. तीन हातांचा भाऊ, खाली ‘मोशीची शान’! लोक त्याच्यासमोर सेल्फी काढत होते, एकाच्याही ध्यानात आलं नाही. मी तो फाडणारच होतो. जोडीदार म्हणाला, आरती होऊ दे आधी. तो सदऱ्याला इस्त्री करत होता.

आरती झाली. आम्ही दोघांनी ताट धरलं, समोर टाळ्या कमी आणि मोबाइल जास्त. मग ताट फिरवायची वेळ आली. मी निघालो, तर तो म्हणाला, “मला दे.”

पहिल्या रांगेतल्या बायकांना एकदम पोरं सावरायची आठवण झाली. चेअरमनकाकांनी फोन कानाला लावला. भाऊंनी लांबूनच नमस्कार केला. मघाशी माझ्या गळ्यात पडून फोटो काढणारी हीच माणसं, ज्योतीवर हात धरायला एकजण पुढे होईना. टीव्हीतला असला की यांना चालतो, करमणूक होते. रविवारी माझ्याबरोबर मंडईत भाजी निवडणारा मात्र चालत नाही. इतकी घाण मला त्या कोंडलेल्या घरातही वाटली नव्हती.

त्याने घाई केली नाही. एकेका माणसापुढे थांबला, वाट पाहिली, पुढे सरकला. सगळा मंडप फिरून माझ्यापाशी आला तेव्हा कापूर विझत आला होता.

“तू तरी घेतोस ना?” त्याने विचारलं.