ताईनं बांधलेले हात

मी ताईचा दात पाडला. मला ते आठवत नाही. तिला आठवतं.

फवारताना माणसं मेली, त्या वर्षी आम्ही दारू पिऊन फवारत नव्हतो, हे आधी लिहितो, कारण टीव्हीवर इस्त्रीचे कपडे घातलेले लोक तसंच सांगत होते. मी घाटंजीकडं एकाच्या शेतात रोजानं फवारत होतो. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, पाठीवर पंप, वर मारलेला फवारा उलटा तोंडावर. दुकानदारानं दोन औषधं एकत्र करायला सांगितलेली. औषध! जहराला आमच्याकडं औषध म्हणतात, अन् मेला की म्हणतात, औषध लागलं. दुपारी डोळ्यांपुढं अंधारी आली, मांड्यांचं मांस आपोआप उडायला लागलं, तोंडातून फेस. पुढचे तीन दिवस माझ्याजवळ नाहीत.

ते ताईजवळ आहेत. ती माझी थोरली बहीण, दारव्ह्याला दिलेली. सरकारी दवाखान्यात तीच माझ्या उशाशी होती. ती सांगते, जहर उतरवायच्या सुया सुरू झाल्या आणि मी पिसाळलो. सलाईन उपटली, भिंतीवर रक्त उडालं, वॉर्डबॉयच्या पोटात लाथ घातली. ती समजवायला वाकली तर कोपर असा हाणला की तिचा पुढचा दात तुटून माझ्याच छातीवर पडला. मग मला खाटेला बांधलं. कोणी बांधलं, ते तिनं सांगितलं नाही.

घरी आल्यावर ताई काही दिवस माझ्याकडंच राहिली. मी पाण्याच्या तांब्याकडं हात नेला तरी ती तोंड झाकायची. एकदा मी भडकलो. "मुद्दाम मारलं काय मी तुले?"

"नाही रे भाऊ. मले माईत हाय. माह्या अंगाले माईत नाही."

ताई मला घाबरते. आम्ही फवारणारे तेव्हा भरपाईसाठी मोर्चा काढत होतो, पत्रक छापणार होतो; त्यानं हे बदलणार नव्हतं.

तरी पत्रकासाठी म्हणून मी त्या वॉर्डातल्या तरण्या डॉक्टरला गाठलं. तो म्हणाला, मेंदूत निरोपे असतात, रासायनिक. त्यातला एक अॅसिटिलकोलिन. निरोप पोचला की त्याला तिथून हटवणारं एक द्रव्य असतं. तुमचं जहर त्या द्रव्यालाच निकामी करतं. मग निरोप्या दार बडवतच राहतो, म्हणून मांस उडतं. आमची सुई दार बंद करते. पण घडलेलं आठवणीत जायलाही तोच निरोप्या लागतो. सुई जास्त झाली की माणूस बरळतो, अंगावर येतो आणि त्यातलं काही ध्यानात राहत नाही.

"अन् माह्या बहिणीचं?"

"तिच्या डोक्यात भीतीचा निरोप्या धावत होता, नॉरअॅड्रेनालिन. तो आठवण खोल कोरतो."

"मग ती कधी जात नाही?"

"पुसली जात नाही. पण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आणि इजा झाली नाही, तर वरून दुसरं शिकणं बसू शकतं."

पत्रक मी छापलं. चौकातल्या हॉटेलवाल्यानं त्यात भजी बांधली.

पुढच्या राखीला मी काळीपिवळी जीपनं दारव्ह्याला गेलो. ताईनं पाट मांडला, ओवाळलं, राखी मनगटावर ठेवून गाठ आवळली. आणि माझा हात माझा राहिला नाही. ताट उडालं, दिवा तिच्या साडीवर पडला, माझी मूठ तिच्या कानाजवळून भिंतीवर बसली. बोटांची सालं निघाली. भाऊजी धावले, जळता पदर पायानं विझवला, माझी मान धरून थोबाडीत दिली. "साल्या, एका दातानं पोट नाही भरलं काय बे?"

"सोडा त्याले!" ताई ओरडली. "मीच बांधलं होतं त्याले."

भाऊजींचा हात वरच राहिला.

"दवाखान्यात पट्ट्या सरल्या होत्या. सगळ्या खाटांवर बांधलेलेच होते. मी ओढणी फाडली. हा ताई, ताई करून राह्यला होता, अन् मी गाठ आवळून राह्यली होती. तोंडातलं रक्त याच्या हातावर पडून राह्यलं होतं."

मला आजही यातलं अक्षर आठवत नाही. मनगटाला आठवत होतं. डॉक्टरला नंतर विचारलं तर म्हणाला, होऊ शकतं. घडलेलं एका जागी साठतं, भीती दुसऱ्या जागी, बदामाएवढ्या गाठीत. पण तेव्हा भाऊजींच्या ओट्यावर मला एवढंच सुचलं, "पुन्हा बांध."

"येडा झाला काय बे?" भाऊजींनी माझे खांदे धरले.

"धरू नका, भाऊजी. धरलं की तेच होते."

त्यांनी सोडलं, पण लाटणं घेऊन बाजूला उभे राहिले. ताईनं राखी उचलली. मी हात हिसकला. तिनं पुन्हा उचलली. मी शिवी दिली, तिनं परत दिली. पाचव्यांदा मी पाटावरूनच उठलो, भिंतीला डोकं टेकून उभा राहिलो, परत येऊन बसलो.

सहाव्यांदा पुढं केलेला हात तडफडत होता, पण मी तो ओढून घेतला नाही. ताई मान मागं खेचून, लांबूनच, डोळे घट्ट मिटून गाठ मारत होती.

"बसली काय?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"बसली."

"मंग आधी तुहा हात खाली ठेव. तवा मी डोये उघडते."