बाळारामकाकांची कबुतरं

बाळारामकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या राहनाळ गावात दिसेल त्याला माझी ओळख करून देत, "ही आमची पोर. पाखरांची डाक्टर हाय!" मी विद्यापीठात पक्ष्यांचा अभ्यास करत होते; औषधपाण्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. तरी आमच्या ओट्यावर लंगड्या कोंबड्या येऊ लागल्या. मी वैतागले की काका म्हणत, "बघून तर घे. बघाला काय जातंय?"

एमएस्सी झाले आणि बाबांनी बजावलं, "दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर तुळशीच्या लग्नामागोमाग तुझं." अर्ज करकरून मी थकले. शेवटी काकांनीच शब्द टाकला. आमच्या भाताच्या शेतावर नवं गोडाऊन उभं राहिलं होतं. त्यात एका शेठचे कापडाचे तागे होते आणि कबुतरं त्यांवर नको ते नक्षीकाम करत होती.

काकांच्या शब्दावर शेठने कबुतरांचा बंदोबस्त माझ्याकडे सोपवला. मी तीन दिवस तिथे वही घेऊन बसले. चौथ्या दिवशी कारण सापडलं. रोज सकाळी एक गृहस्थ पुण्य म्हणून गोडाऊनच्या दारात सूपभर ज्वारी टाकत होते. ते गृहस्थ बाळारामकाका होते.

नाव गाळलं तर अभ्यास खोटा, लिहिलं तर घरात महाभारत. मी लिहिलं. शेठना काकांच्या देखतच वाचून दाखवलं. शेठ हसत सुटले, "अरे बाळारामभाई, ये तो आपही निकले!"

काकांनी टोपी हातात घेऊन दोनदा फिरवली. "डोल्यांनी बघितलंस?"

"हो, काका."

"मग खरं हाय. शेठ, जाली लावा. शिकलेल्या मानसाचं आयकाचं."

ज्वारी आमच्या गच्चीवर गेली आणि गच्ची झाडताना काकू काकांचा उद्धार करू लागली. शेठने मला आणखी गोडाऊनं मिळवून दिली, बाबांनी लग्नाचा विषय गुंडाळला. पुढे विमानांवर पक्षी आदळू नयेत म्हणून विमानतळावर माझी नेमणूक झाली, तेव्हा काका गावभर सांगत सुटले, "इमान हिला इचारून उडतं!"

काका गेले. दहाव्याला खाडीकाठी पिंडाला कावळा शिवेना. बाबांनी वचन दिलं, चुलतभावांनी दिलं, कोणी तंबाखूची पुडीही आणून ठेवली. शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले.

"कावळा गर्दीला बिचकतो," मी म्हणाले. "सगळे वीस पावलं मागे सरा."

कोणी हलेना. तेव्हा काकू पदराने डोळे पुसत उठली. "आयकलं न्हाय काय? ते काय सांगाचे? शिकलेल्या मानसाचं आयकाचं."

सगळे मागे सरले. कावळा उतरला म्हणतात. आयुष्यभर पक्षी बघत आले, पण तो एक मला नीट दिसला नाही. डोळे भरून आले होते.