मास्तरांचा चहा आणि भोपळ्याचं दुकान

गणिताच्या मास्तरांनी ऐन निकालाच्या दिवशी सकाळी लॅपटॉपला चहा पाजला. अर्धा कप, साखरेसकट. मग घाबरून बायकोचं केस वाळवायचं यंत्र त्यावर फिरवलं आणि चालू होतोय का पाहायला तीनदा बटण दाबलं. तिसऱ्यांदा आतून करपल्याचा वास आला. एकशे अठ्ठावीस मुलांचे वर्षभराचे गुण त्यात होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. उत्तरपत्रिका केव्हाच वाटून झालेल्या. मुख्याध्यापकांना यादी पाच वाजता हवी होती.

लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा पोटाशी धरून मास्तर धाकट्या बहिणीच्या दुकानाकडे निघाले, पण पाय काही उचलेनात. हिचं नाव लहानपणी त्यांनीच ‘भोपळा’ ठेवलं होतं. गणितात ती तीनदा नापास झाली, आणि तिन्ही वेळा शिकवणी मास्तरांचीच! शेवटी त्यांनी हात टेकले, आणि ती सर्किट जोडायच्या कारखान्यात लागली. तांदळाच्या कणीएवढे भाग चिमट्यात धरून सोल्डर करायचं काम. पाच वर्षांत तिथं तिचा हात धरणारं कोणी उरलं नाही. आता दुकान स्वतःचं. हाताखाली दोघीजणी, दोघीही गणिताला भिऊन शाळा सोडलेल्या. कामावर घेताना तिनं त्यांना एकच परीक्षा दिली होती: दोऱ्याचा गुंता न तोडता सोडवून दाखवायचा.

तिनं लॅपटॉप उघडला आणि हुंगला.

“बटण किती वेळा दाबलंस, दादा?”

मास्तर म्हणाले, एकदा. तिनं नुसतं पाहिलं.

“तीनदा,” मास्तरांनी कबूल केलं.

ब्रशनं, स्पिरिटनं चहाचा पाक धुऊन निघाला, तरी लॅपटॉप ढिम्म. मास्तरांना राहवेना. त्यांनी कागद मागून घेतला, सूत्र मांडलं आणि बिघाड डाव्या कोपऱ्यात आहे असं छातीठोक सांगितलं. तिनं कागद घेतला, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवला.

मग सर्किटवर पुन्हा स्पिरिटचा पातळ हात फिरवून तिनं जरासा करंट सोडला.

“आता बघत राहा. जिथं आधी सुकेल, तिथं चोर.”

सगळं सर्किट ओलं चमकत होतं. बघता बघता उजवीकडे मोहरीएवढा एक ठिपका कोरडा पडला. तिथला कणीएवढा भाग बिघडून तापला होता. तसाच भाग तिनं त्याच जातीच्या एका मेलेल्या लॅपटॉपमधून उचलला, श्वास रोखून बसवला. पावणेचारला पडदा उजळला. एकशे अठ्ठावीस पोरं जागच्या जागी.

मास्तरांनी घाम पुसला. आयुष्यभर पोरांना बजावत आलो, म्हणाले, की गणिताशिवाय तरणोपाय नाही. “आता वर्गात उभं राहून त्यांना काय सांगू?”

तिनं पुढचं काम हातात घेतलं होतं. मान वर न करता ती म्हणाली, “सांग, चहा लांब ठेवा.”