पेणला बरी, रोह्याला लाल

टेबलावर बाटल्या मांडून झाल्या तेव्हा मी विचारलं, "पेशंट कुठाय?"

"पेणला," रूपेश म्हणाला.

"मग मी तपासू कुणाला? ह्या शाम्पूला?"

पिशवीत हात घालून त्याने आणखी एक डबी काढली आणि रांगेत ठेवली. बेबी लोशन, बेबी क्रीम, बेबी शाम्पू, मसाजचं तेल, ओले वाइप्स आणि पुढे मोठ्या अक्षरांत 'केमिकल फ्री' लिहिलेला एक साबण. साबण केमिकल फ्री कसा असू शकतो हे मला आजतागायत कुणी समजावलेलं नाही. पाणीसुद्धा केमिकलच असतं. पण हे रोह्याजवळच्या धाटावच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर असलेल्या माणसाला मी काय सांगणार? तो शिफ्टमध्ये अख्खा रिॲक्टर सांभाळतो आणि घरी साबणाला घाबरतो.

मी त्वचेची डॉक्टर आहे. दवाखाना पेणला, आठवड्यातले दोन दिवस रोह्याला एका मित्राच्या हॉस्पिटलात बसते. रूपेशची बायको पल्लवी पेणची. तिच्या वडिलांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे, आणि रंगकामाने त्यांच्या बोटांना पडणाऱ्या भेगा मी कित्येक वर्षं बघत आलेय. त्या नात्याने मी रूपेशला जावईबापू म्हणते. त्याला ते आवडत नाही, म्हणून जरा जास्तच म्हणते.

प्रकरण त्यांच्या स्वराचं होतं. पोर अजून रांगायलाही लागली नव्हती. रोह्याच्या घरी असली की अंगभर लाल चट्टे, खाज, रडून रडून घर डोक्यावर. आजोळी पेणला नेली की हळूहळू सगळं साफ. परत रोह्याला आणली की पुन्हा लाल. असं दोनतीनदा झाल्यावर पल्लवी पोरीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. कारण सापडत नाही तोवर पोरीला त्या घरात आणणार नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. धाटावची हवाच नको, नोकरी सोड, पेणजवळ डोलवीकडे काहीतरी बघ. रूपेशला लेक भेटायची ती सुट्टीच्या दिवशी, सासुरवाडीत पाहुण्यासारखी. सांगताना तो बाटल्यांकडेच बघत होता. मला त्याची कीव आली, पण ती दाखवायची माझी पद्धत नाही.

"ह्या लाल गोलांचं काय?" मी विचारलं. प्रत्येक बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांत त्याने लाल पेनाने गोल काढले होते.

"ॲप हाय मॅडम. बारकोड दाखवला की सांगतं, लाल का हिरवं. लाल निघालं की मी फेकतो. सगळी हिरवी आणली, तरी पोर लालच."

वाइप्सच्या पाकिटावरच्या एका नावाला तर त्याने दोनदा गोल केला होता. मिथाइलआयसोथायझोलिनोन. उच्चार जमला नाही तरी काही बिघडत नाही, मलाही पहिल्या वर्षी जमला नव्हता. हे एक प्रिझर्व्हेटिव्ह आहे. ओल्या वस्तूत जंतू आणि बुरशी वाढतात, त्या वाढू नयेत म्हणून काहीतरी घालावं लागतं. लोणच्यात आपण मीठ आणि तेल घालतो, तोच प्रकार. बहुतेक प्रिझर्व्हेटिव्ह बिचारे गुमान आपलं काम करतात. हे मात्र खरंच बदनाम आहे. काही जणांच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की थेंबभरही पुरतं.

"ह्या एका गोलाला पूर्ण मार्क," मी म्हटलं. "वाइप्स कधी बंद केले?"

"कवाच. हे पाकीट तुम्हाला दाखवायला ठेवलंय."

"तरी चट्टे येतात?"

"येतात."

मी रोह्याच्या ओपीडीतूनच पल्लवीला फोन लावला. पेणला पोरीला काय लावता, विचारलं. तर तिची आई बाजारातली सगळ्यात वासाची गुलाबी बाटली वापरत होती. वास असा की पोरीला आंघोळ झाली हे शेजाऱ्यांना कळावं. रूपेशच्या ॲपमध्ये ती बाटली कधीच लाल ठरली होती, आणि पोर तिथे लोण्यासारखी मऊ.

"म्हणजे लाल बाटली चांगली आणि हिरवी वाईट?" रूपेश चिडून म्हणाला.

"म्हणजे बाटल्यांना घरी न्या आणि मला पोर दाखवा."

ते बोलायला सोपं होतं. दुसऱ्या दिवशी पेणच्या दवाखान्यात पल्लवी माझ्यासमोर बसली होती, मांडीवर स्वरा, अंगावर एक डाग नाही.

"एकदा रोह्याला घेऊन जा," मी म्हटलं. "पण इथलं सगळं सोबत ने. बाटली, साबण, दुपटी, कपडे धुवायची पावडरसुद्धा."

"आणि पुन्हा लाल झाली तर?"

"तर ह्या सगळ्या वस्तू सुटल्या. मग आपण दुसरीकडे बघायचं."

"तुम्हाला काय जातंय बघायला," ती म्हणाली. "अख्खी रात्र खांद्यावर घेऊन मी फिरते." आणि तिचे डोळे भरले. मग म्हणाली, "नेते. पण पहिला चट्टा दिसला की परत येणार. मग कायमची."

ती गेली. पेणचं सगळं रोह्याच्या घरात मांडलं. आठवडा संपायच्या आत माझा फोन वाजला. पल्लवी काय बोलली ते छापण्यासारखं नाही.

रोह्याच्या ओपीडीत चौघंही आली. पल्लवी, रूपेश, रूपेशची आई आणि पुन्हा लाल झालेली स्वरा. पल्लवीने कपड्यांची बॅग भरून सोबतच आणली होती. इथून उठायचं आणि पेणची एसटी धरायची, असा सरळ हिशोब. रूपेश दाराला टेकून उभा होता, खुर्ची रिकामी असून बसला नाही.

"पोरीला जरा इकडं द्या," मी म्हटलं.

आजींनी तिला माझ्यापुढे धरलं. मी पोरीकडे बघायच्या ऐवजी आजींच्या हातांकडे बघत राहिले. बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत कातडी लाल, खरखरीत, जागोजागी खाजवलेली.

"आजी, हात दाखवा."

"माझा हात कशाला बघताव? पोरीचं बघा."

"दाखवा तर."

"भांडी घासून होतंय. आता वय झालं."

"कधीपासून आहे?"

"झालं की, गणपतीपासनं."

"आणि पोरीचं?"

आजी पल्लवीकडे बघायला लागल्या. पल्लवी म्हणाली, "गणपतीनंतरच. मी बाळंतपण उरकून आले, त्यानंतर थोड्या दिवसांनी."

"पोर पेणला गेली की तुमच्या हाताचं काय होतं, आजी?"

"बरं वाटतं," आजी म्हणाल्या. "म्हटलं, कामच नाय तर काय होणार!"

आजी गुलाबी बाटलीला हात लावत नव्हत्या, हिरवीलाही नाही. पोरीला पायांवर घेऊन आंघोळ तेवढी त्याच घालायच्या. "ह्या पोरींना कुठं जमतंय," असं म्हणून त्यांनी पल्लवीकडे एक कटाक्षही टाकला. पल्लवीने छताकडे बघितलं. म्हणजे आजी आणि नात, दोघींच्या अंगाला एकच गोष्ट लागत होती.

"आंघोळीचं पाणी कुठलं?" मी विचारलं.

इथे रूपेशचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "पाण्याचं टेन्शन नाय मॅडम. बाळाचं पाणी मी वेगळं ठेवतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो ना, तो उडून जावा म्हणून रात्रभर भरून ठेवतो. सकाळी तेच तापवायचं. आम्ही कोणी त्याला हात लावत नाय, फक्त तिच्यासाठी."

"कशात भरून ठेवता?"

"ड्रमात."

"कुठला ड्रम?"

"कंपनीतला," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज वाक्य संपायच्या आतच खाली आला.

दुपारची ओपीडी संपल्यावर मी त्याच्या बाइकवर मागे बसून त्यांच्या घरी गेले. डॉक्टरांनी घरी जायचं नसतं, मागाहून अख्खी आळी चहाला बोलावते. पण मला राहवलं नाही. न्हाणीघरात विटांच्या कट्ट्यावर तो ड्रम होता. निळा, अरुंद तोंडाचा, वर पोकळ मूठ, खाली नीट बसवलेला नळ. ह्या भागात असा ड्रम नाही असं घर शोधावं लागेल. कंपन्यांत माल येतो, ड्रम रिकामे होतात आणि पाण्यासाठी घरोघरी जातात. नियम असा की भोक पाडूनच भंगारात द्यायचा. रूपेशने स्टोअरवाल्याला चहा पाजून बिनभोकाचा मिळवला होता.

"ह्यात काय होतं?"

"औषध."

"कसलं औषध?"

"कूलिंग टॉवरचं." कूलिंग टॉवर म्हणजे कंपनीत गरम झालेलं पाणी जिथे गार करतात तो मनोरा. त्यात शेवाळ धरू नये म्हणून पाण्यात काहीतरी टाकतात, आणि त्या काहीतरीला कामगार औषध म्हणतात. "मुद्दाम बघून घेतला मॅडम. ॲसिडचा नाय घेतला. सॉल्व्हंटचा नाय घेतला. म्हटलं, ह्यात तर पाणी स्वच्छ ठेवायचंच औषध होतं. साबणाच्या पावडरने धुतला, लिंबू टाकून धुतला, कढत पाण्याने धुतला."

"लेबल कुठाय?"

"ते मी घासून काढलं. रॉकेल लावून. पोरीच्या न्हाणीत ते धोक्याचं चिन्ह कशाला, म्हटलं."

प्रत्येक बाटलीचं लेबल भिंगाखाली वाचणारा हा माणूस. घरात धोक्याचं चिन्ह असलेलं एकच लेबल आलं होतं, ते त्याने स्वतःच्या हाताने खरवडून काढलं होतं. मला हसू आलं आणि रागही आला. दोन्ही मी गिळलं.

"स्टोअरमध्ये फोन करा. तसल्याच दुसऱ्या ड्रमाच्या लेबलचा फोटो मागवा."

फोटो आला. रूपेशने दोन बोटांनी तो मोठा केला, वाचत खाली आला आणि थांबला. नाव आडनावासकट तेच. वाइप्सच्या पाकिटावर ज्याला दोनदा गोल केला होता ते. वाइप्समध्ये असतं नखाच्या टोकाइतकं. ड्रमात होता अख्खा माल.

"पण मी इतका धुतला, मॅडम."

"हातमोजे घाला आणि उलटा करा."

त्याने पाणी ओतून ड्रम उलटा धरला, हलवला. आधी साधं पाणी आलं. मग वरच्या पोकळ मुठीत अडकलेलं काहीतरी सुटलं आणि पिवळसर, उग्र वासाची धार मोरीत पडली. अरुंद तोंडातून तिथे ना हात पोचत होता, ना ब्रश. रात्रभर पाणी भरून ठेवलं की ते थोडं थोडं त्यात उतरत होतं. क्लोरीन उडून जायची वाट बघत.

रूपेश न्हाणीच्या उंबऱ्यावर बसला. "मीच आणला," तो म्हणाला. "धाटावपासून बाइकवर बांधून. तिच्यासाठीच."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

खात्री करायची म्हणून मी पॅच टेस्ट केली. म्हणजे संशय असलेल्या पदार्थांचे बारीक ठिपके पाठीवर चिकटवायचे आणि कुठला लाल होतो ते बघायचं. ती आजींवर केली, कारण पोरीला आणखी छळायचं नव्हतं. पट्ट्या निघेपर्यंत पाठ भिजवायची नाही म्हटल्यावर आजींनी माझ्या डिग्रीबद्दल शंका घेतली. "बिनआंघोळीची ठेवते, ही कसली डॉक्टर गो?" असं त्या पल्लवीला म्हणाल्या, आणि सासूसुना पहिल्यांदाच एका पक्षात आल्या. ठिपका उठला. जो उठायला हवा होता तोच.

ओपीडीत आणलेली ती बॅग पल्लवीने रोह्याच्याच घरात रिकामी केली. रूपेश कोपऱ्यात उभा राहून ती आता काय बोलते ह्याची वाट बघत होता. "नोकरी सोडायची नाही," ती म्हणाली. "ड्रम सोड." मग ती त्याच्यावर बरीच ओरडली, तो तिचा हक्क होता, आणि शेवटी पोर त्याच्या हातात दिली.

ड्रम भोक पाडून कंपनीत परत गेला. स्वरा आता स्टीलच्या घमेल्यातल्या नळाच्या पाण्याने न्हाते, क्लोरीनसकट. रूपेश आळीत घरोघर जाऊन तुमच्या ड्रमात आधी काय होतं असं विचारत फिरला. काहींनी ड्रम काढले. काहींनी त्याला चहा दिला आणि ड्रम तिथेच ठेवला. एकाने सांगितलं की त्याच्या ड्रमात फक्त औषध होतं.

आईबापांना मी आता एवढंच सांगते. लेबलं जरूर वाचा, तुमची काळजी खोटी नाही. पण पोरीच्या अंगाला बाटलीतलं लागतं त्याच्या कित्येक पट पाणी लागतं, आणि पाण्याच्या भांड्याला बारकोड नसतो.

महिन्याभराने रोह्याच्या ओपीडीत रूपेश आला. हातात पिशवी नव्हती. त्याने स्वराला टेबलावर बसवलं, बाटल्या मांडल्या होत्या त्याच जागी. गोरी नाही, सावळी, आणि अंगावर एक चट्टा नाही. तिने माझा स्टेथोस्कोप ओढून तोंडात घातला. रूपेशने तो हळूच काढून घेतला, उलटा केला आणि मागे काही लिहिलंय का ते बघायला लागला.

"आज पेशंट आणलाय," तो म्हणाला.