शेवटचा टेकू

कुणाच्याही घरात शिरले की मिस्त्री आधी भिंतीवर बोटं वाजवायचे आणि विचारायचे, "हिच्या डोईवर काय हाय?" पाण्याचा तांब्या नंतर. माझ्या बहिणीच्या लग्नाच्या बोलणीला पाहुणे बसले होते, तेव्हाही त्यांनी हेच केलं. पाहुण्यांना वाटलं, आम्ही घर विकायला काढलंय.

माझं चिंचवडच्या गावठाणात लोखंडी सामानाचं दुकान होतं. पिंपरीकडे कारखाने उभे राहू लागले, तसा जो तो दोन खोल्यांची एक करून खानावळ नाहीतर दुकान थाटायला निघाला. पण मधली भिंत पाडायची, तर माळ्याच्या कड्या, म्हणजे छत पेलणारी आडवी लाकडं, तिच्यावरच टेकलेली. मिस्त्री आधी कड्यांना खालून लाकडी टेकू द्यायचे. मग माळ्यावर, कड्यांच्या वरून, जाड तुळई आडवी टाकून तिची टोकं बाजूच्या भिंतींवर बसवायचे आणि एकेक कडी लोखंडी पट्टीनं तिला टांगायचे. भिंत जायची, छत जागच्या जागी. पट्ट्या माझ्या दुकानातल्या. घेताना त्या इतक्या पारखायचे की चाखून बघायचंच बाकी राहायचं.

शेवटचा टेकू मात्र ते स्वतः काढत नसत. म्हणायचे, "त्यो घरातल्या थोरल्यानं पाडायचा. त्याबिगर तुळई घरातली व्हत न्हाई." थोरला हातोडा मारायचा, बायका जीव मुठीत धरून बघायच्या, आणि मिस्त्री छताकडे न बघता त्या माणसांकडे बघत बसायचे. जेवायला थांबा म्हटलं की लगेच थांबायचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. घरी जाऊन चूल त्यांनाच पेटवायची असायची.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण साऱ्या गावाच्या भिंती पाडणाऱ्या या माणसाच्या घरात मधोमध भिंत होती. आईच्या आजारपणात कुणी किती केलं, यावरून थोरल्या भावाशी भांडण झालं. मिस्त्रींनी रागाच्या भरात मधले खांब काढले आणि तिथं भिंत घातली. पुढे भाऊ चिखलीच्या मळ्यात राहायला गेला. पलीकडचं अर्धं घर रिकामं पडलं. मिस्त्री तिकडे दिवासुद्धा लावत नसत.

एका उन्हाळ्यात ते दुकानात आले. "राव, पट्ट्या द्या. घरच्यासाठी." मी पट्ट्या काढून दिल्या. त्यांनी भिंत पाडली, तुळई चढवली, कड्या टांगल्या आणि खोलीच्या मधोमध एकच टेकू ठेवला. चिखलीला निरोप धाडला, 'दादा, घरी ये.' बस्स, एवढाच. जेवायला मलाही बोलावलं होतं. पिठलं, भाकरी, कांदा, तीन ताटं. दुपार कलली, भाकऱ्या कडक झाल्या, भाऊ काही आला नाही.

"बैलाचं कायतरी झालं आसंल," मिस्त्री म्हणाले.

"अहो, काढून टाका तो टेकू. छत पक्कं आहे."

"पक्कं हाय की. पर थोरला मी न्हाई."

टेकू राहिला. त्याला खिळा मारून ते सदरा अडकवू लागले. येणारा जाणारा त्याला धडकायचा. दर सणाला चिखलीला तोच निरोप जायचा, आणि दर सणाला मिस्त्री एकटेच त्या एवढ्या मोठ्या खोलीत जेवायचे. मला फार वाईट वाटायचं.

थोरला आला, पण मिस्त्री गेल्यावर. घाटावरून परतताना तो माझ्याबरोबर घरापर्यंत आला आणि दारातच थबकला. "भित कुटं गेली?"

मी सगळं सांगितलं. तो उंबऱ्यावर बसला. "मला वाटलं, घरातली माजी बाजू नावावर लिहून मागायला बोलावतुय."

जरा वेळानं उठून त्यानं मिस्त्रींचा हातोडा उचलला. त्याची गरजच पडली नाही. धरून जरा ओढताच टेकू सुटला. इतकी वर्षं त्याच्यावर कसलाच भार नव्हता. वर छत हललंसुद्धा नाही. खिळ्यावर मिस्त्रींचा सदरा तसाच होता. थोरला तो टेकू दोन्ही हातांनी छातीशी धरून खोलीच्या मधोमध उभा राहिला. मी म्हटलं, द्या इकडे. त्यानं दिला नाही.